निष्काम औषधदानी : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आपल्या आचार्यांनी श्रावकासाठी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील औषधदानाचा विचार मनात आला की आपल्यासमोर धर्मार्थ दवाखाना, मोफत नेत्रशिबिर, रुग्णवाहिका अशी दृश्ये उभी राहतात. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीतही अशा कार्याला मानाचे स्थान आहे. परंतु ज्या गोळीमुळे रोगी बरा होतो ती गोळी मुळात कोणी शोधली, तिच्यासाठी कोणी आयुष्य झिजवले, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. दात्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते, हे योग्यच आहे. त्या पाटीच्या पलीकडेही काही दाते असतात. त्यांतील एका थोर दात्याचे जीवन सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी समाजबांधवांसमोर ठेवावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

या दात्याचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. गरोदर मातेला दिले जाणारे फॉलिक आम्ल, हत्तीरोगावरील औषध, टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविक आणि रक्ताच्या कर्करोगाला काही काळ तरी माघार घ्यायला लावणारे पहिले औषध, या साऱ्यांच्या मागे त्यांचे मार्गदर्शन होते. जन्माने ते जैन नव्हते. परंतु गुणीजनांविषयी प्रमोदभाव बाळगावा, अशी आपली शिकवण आहे आणि गुणांना पंथाचे कुंपण नसते.

बालपण आणि मातेचा निर्धार

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमवरम येथे एका तेलुगू ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हा मद्रास इलाख्यात असलेले हे गाव आज आंध्र प्रदेशाच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आहे. वडील जगन्नाथम सरकारी नोकरीत होते. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली आणि मोठ्या कुटुंबाला ओढगस्तीचे दिवस आले. आई वेंकम्मा मात्र खंबीर होत्या. सुब्बाराव बालपणी एका भावंडासह घरातून पळाले होते, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे मिळवायचे, असा त्यांचा बेत होता. आईने माणसे पाठवून त्यांना परत आणवले आणि पुन्हा शाळेत बसवले.

अभ्यासात हा मुलगा चमकला, असे म्हणता येत नाही. वडिलांचे आजारपण व पुढे निधन, घरची विवंचना आणि मनाची अस्थिरता यांमुळे मॅट्रिकच्या परीक्षेत तो दोनदा अनुत्तीर्ण झाला. आईने अंगावरचे दागिने विकून त्याला मद्रासला शिकायला पाठवले आणि तेथील हिंदू हायस्कूलमधून तिसऱ्या प्रयत्नात तो मॅट्रिक झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना तरुण सुब्बाराव यांना वैराग्याची ओढ लागली. रामकृष्ण मिशनमध्ये दाखल होऊन संन्यास घ्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले. संन्यासासाठी मातेची अनुज्ञा आवश्यक होती आणि मातेने ती दिली नाही. तेव्हा मिशनच्या साधूंनीच त्यांना वैद्यकाचा मार्ग सुचवला. डॉक्टर होऊन रुग्णांची सेवा करणे हीदेखील साधनाच होय, हे त्यांना पटले आणि त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १९१९ मध्ये त्यांचा विवाह शेषगिरी यांच्याशी झाला. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भार त्यांच्या सासऱ्यांनी उचलला.

खादीचा अंगरखा

तो काळ असहकाराचा होता. महात्मा गांधींच्या हाकेला प्रतिसाद देऊन सुब्बाराव यांनी विलायती कापड वर्ज्य केले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचा अंगरखाही खादीचाच वापरला. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा उत्तम देऊनही सुब्बाराव यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही. एल.एम.एस. या कमी दर्जाच्या पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय सेवेचे दारही त्यांना उघडले नाही. उभे आयुष्य कापडाच्या पेढीवर घालवलेल्या माझ्यासारख्याला या प्रसंगाचे मोल विशेष वाटते. चार वार जाड्याभरड्या खादीसाठी एका गरीब विद्यार्थ्याने आपले भवितव्य पणाला लावले होते.

पुढे त्यांनी मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात अध्यापनाचे काम स्वीकारले. याच सुमारास कुटुंबावर मोठा आघात झाला होता. त्यांचे दोन भाऊ अवघ्या काही दिवसांच्या अंतराने मरण पावले. रोग होता स्प्रू, म्हणजे उष्ण प्रदेशातील एक प्रकारची संग्रहणी. या विकारात आतड्यांना अन्नातील सत्त्व शोषून घेता येत नाही. रोगी खातो, पण ते अंगी लागत नाही. रक्त कमी होत जाते आणि देह हळूहळू सुकतो. त्या काळी यावर खात्रीचा इलाज नव्हता. स्वतः सुब्बाराव यांनाही या विकाराने गाठले होते. आयुर्वेदिक महाविद्यालयाचे डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी ते वाचले. उष्ण प्रदेशातील रोगांचा मुळापासून अभ्यास करायचा, हा त्यांचा निश्चय या दुःखातून पक्का झाला.

त्यासाठी अमेरिकेतील बोस्टन शहरी, हार्वर्ड विद्यापीठात जाणे आवश्यक होते. जवळ पैसा नव्हता. तेव्हा सासऱ्यांबरोबरच एक धर्मादाय संस्था पाठीशी उभी राहिली. काकीनाडा येथील मल्लादी सत्यलिंगम नायकर यांच्या नावाच्या धर्मादाय निधीने त्यांना साहाय्याचे आश्वासन दिले. ज्या विद्यार्थ्याच्या खाती मॅट्रिकची दोन अपयशे आणि अपुरी पदवी होती, त्याच्यावर एका ट्रस्टने विश्वास ठेवला.

बोस्टनमधील कष्ट

१९२० च्या दशकाच्या आरंभी सुब्बाराव बोस्टनला पोहोचले. त्यांची पदवी तेथे डॉक्टरकी करण्यास पुरेशी धरली जात नसे. म्हणून त्यांनी दिवसा उष्ण प्रदेशीय रोगांच्या अभ्यासक्रमाचे शिक्षण घेतले आणि रात्री रुग्णालयात रुग्णांची भांडी धुण्यापासून पडेल ते काम केले. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर ते हार्वर्डच्या जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

या दोघांनी १९२५ मध्ये रक्त व मूत्र यांतील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची एक सोपी आणि बिनचूक रीत प्रसिद्ध केली. द्रावणात ठरावीक रसायने घातली की त्याला निळा रंग चढतो आणि रंगाची छटा जितकी गडद तितका फॉस्फरस अधिक, असे तिचे थोडक्यात तत्त्व आहे. रंगाच्या छटेवरून मालाची पारख करणे आम्हा कापडवाल्यांना नवे नाही. येथे त्या पारखीला शास्त्राचे काटेकोर माप मिळाले. फिस्के-सुब्बाराव पद्धती या नावाने ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.

हे माप हाती आल्यामुळे स्नायूंच्या कार्याचे रहस्य उकलू लागले. १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये ए.टी.पी. हे पदार्थ त्यांच्या संशोधनातून पुढे आले. त्याच वेळी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ए.टी.पी.चा स्वतंत्रपणे शोध लावला. आपण हात हलवतो, श्वास घेतो, हृदय धडधडते, त्या प्रत्येक क्रियेत खर्ची पडणारे ऊर्जेचे नाणे म्हणजे ए.टी.पी. १९३० मध्ये सुब्बाराव यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायम प्राध्यापकपद दिले नाही. एखाद्याने त्या अवहेलनेचे शल्य जन्मभर उराशी बाळगले असते. सुब्बाराव यांनी संशोधनाची जागा बदलली आणि काम चालू ठेवले.

मुंबईच्या गिरण्या आणि फॉलिक आम्ल

१९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. रक्तक्षय आणि संग्रहणी यांवर मात करणारा घटक शोधण्याचा ध्यास त्यांनी येथे पूर्णत्वास नेला.

या शोधाचा एक धागा थेट आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकींचा बळी जाई. विल्स यांना आढळले की यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी घटक कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला विल्स घटक असे म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा केला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. विल्स घटक तो हाच.

परंतु टनावारी पाल्यातून चिमूटभर औषध काढून जगाची गरज भागणार नव्हती. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्लीच्या चमूने हा पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवला, त्याची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करून दाखवला. या शोधाच्या निबंधावर सोळा संशोधकांची नावे आहेत आणि प्रमुख असूनही सुब्बाराव यांचे नाव त्यांत इतरांसारखेच एक आहे. हे औषध उष्ण प्रदेशातील संग्रहणीवरही गुणकारी असल्याचे लवकरच सिद्ध झाले. दोन भावांना नेणाऱ्या रोगावर त्यांच्या भावाच्या प्रयोगशाळेतून इलाज बाहेर पडला होता. मृतांना तो उपयोगी पडणार नव्हता, पण इतरांच्या असंख्य भावांना पडणार होता.

भारतात १९७० पासून गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गर्भधारणेपूर्वी आणि आरंभीच्या काळात फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंग मोठ्या प्रमाणात टळते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. आपल्या घरातील लेकीसुनांना डॉक्टर ही गोळी लिहून देतात तेव्हा तिच्यामागे मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया आणि भीमवरमचा हा सुपुत्र उभा असतो.

अहिंसेच्या दृष्टीने

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एका मुद्द्याचा विचार करणे अगत्याचे आहे. १९२६ पासून काही प्रकारच्या गंभीर रक्तक्षयावर रुग्णाला रोज प्राण्याचे यकृत खाऊ घालणे हाच मान्य उपचार होता. त्या शोधासाठी तिघा अमेरिकन डॉक्टरांना १९३४ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. ज्याने जन्मभर मांस वर्ज्य केले त्या श्रावकापुढे प्राण की व्रत, असा केवढा बिकट प्रश्न अशा वेळी उभा राहत असेल! फॉलिक आम्ल कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९४८ मध्ये ब-१२ हे जीवनसत्त्वही वेगळे करण्यात यश आले. त्यानंतर औषध म्हणून यकृत खाण्याची गरज संपली.

याचा अर्थ हा सारा मार्ग अहिंसेचा होता, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. औषधाच्या शोधात यकृताचा कच्चा माल म्हणून वापर झाला आणि जीवांवर प्रयोगही झाले. औषधशास्त्रात आजही ते टळलेले नाही. आपण ती औषधे घेतो, तेव्हा त्या हिंसेचा काही अंश आपल्याही खाती जमा होतो, हे विवेकी माणसाला नाकारता येणार नाही. त्यामुळे औषध घ्यायचेच नाही, असा निष्कर्ष मी काढत नाही. अल्पतम हिंसेचा मार्ग शोधणाऱ्या संशोधनाला समाजाने पाठबळ द्यावे आणि घेतलेल्या औषधाचे ऋण मानून जीवदयेचे कार्य अधिक निष्ठेने करावे, एवढेच सुचवावेसे वाटते.

रक्ताच्या कर्करोगाशी सामना

आता त्यांच्या कार्याच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्तपेशी तयार होतात. या रोगात अपक्व पांढऱ्या पेशी तेथे अमर्याद वाढतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. मूल पांढरे पडते, त्याला वारंवार ताप येतो, रक्तस्राव होतो. १९४७ पर्यंत तीव्र ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत अथवा महिन्यांत दगावणार, हे ठरलेलेच असे. डॉक्टरांच्या हाती सांत्वनापलीकडे फारसे काही नव्हते.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना फॉलिक आम्लाच्या जातीचे पदार्थ देऊन पाहिले होते. तेव्हा रोग हटण्याऐवजी अधिकच भडकल्याचे त्यांना जाणवले. त्यावरून त्यांच्या मनात उलट विचार आला. फॉलिक आम्लाने कर्कपेशी पोसल्या जात असतील, तर त्यांचे हे पोषण रोखले पाहिजे. त्यासाठी हवे असलेले प्रतिरोधी पदार्थ लेडर्लीत सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले आणि फार्बर यांना पुरवले. त्यांतील प्रभावी ठरलेला पदार्थ म्हणजे अमिनोप्टेरिन.

या औषधाचे कार्य मागाच्या दृष्टान्ताने सहज समजेल. पेशीची वाढ होताना तिच्यातील आनुवंशिक द्रव्याचे नवे वस्त्र विणावे लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल हवे असते. ताणा तयार असला तरी बाण्याचे सूत संपले की माग थांबतो. अमिनोप्टेरिन हे दिसायला हुबेहूब फॉलिक आम्लासारखे, परंतु विणताना अडकून बसणारे सूत आहे. पेशी फसून ते स्वीकारते आणि तिचा माग बंद पडतो. ज्या पेशी सर्वांत वेगाने वाढतात त्यांना याचा फटका सर्वांत अधिक बसतो. अर्थात निरोगी पेशीही यातून पूर्णपणे सुटत नाहीत. तोंड येणे, रक्तपेशी घटणे असे त्रास त्यामुळेच होतात.

१९४७ च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी हे औषध देण्यास प्रारंभ केला. जून १९४८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा मुलांपैकी दहा मुलांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली होती. अंथरुणाला खिळलेली मुले पुन्हा हिंडूफिरू लागली. सुधारणा तात्पुरती होती. रोग काही महिन्यांत परतला. तरीही रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसून आले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध अमिनोप्टेरिनपेक्षा सुरक्षित ठरले आणि त्याने त्याची जागा घेतली. हार्वर्डच्या त्याच विभागात शिकलेले जॉर्ज हिचिंग्ज व त्यांच्या सहकारी गर्ट्रूड एलियन यांनी पुढे ६-मर्कॅप्टोप्युरिन हे दुसरे औषध दिले. १९६० च्या दशकात अशी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. आज प्रगत देशांत मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात आणि त्यांच्या उपचारांत मेथोट्रेक्सेट अजूनही आहे.

मज्जारोपण आणि रक्तपेशीदान

केवळ औषधांनी रोग हटत नाही, तेव्हा रुग्णाची मज्जा नष्ट करून त्याला दुसऱ्या निरोगी माणसाच्या मूळ पेशी देतात. यालाच मज्जारोपण अथवा मूळ पेशींचे रोपण म्हणतात. अमेरिकेतील डॉ. ई. डोनाल थॉमस यांनी १९५७ मध्ये या उपचाराचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. आरंभीचे रुग्ण वाचले नाहीत. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवत, हा त्यातील मोठा अडसर होता. तो आटोक्यात ठेवण्यासाठी थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे औषध वापरले ते मेथोट्रेक्सेटच होते. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले मज्जारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. अशा रीतीने सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत पेरलेले बीज त्यांच्या निधनानंतर साडेतीन दशकांनी मुंबईतही फळाला आले.

या उपचारासाठी दात्याच्या पेशी रुग्णाच्या पेशींशी जुळाव्या लागतात. सख्ख्या भावाबहिणींपैकी प्रत्येकाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. त्या जुळल्या नाहीत तर बाहेरचा दाता शोधावा लागतो आणि असा दाता आपल्याच वंशाच्या, समान मूळ असलेल्या लोकांत सापडण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच रक्तदानाप्रमाणे मूळ पेशीदात्यांच्या नोंदणीतही आपल्या तरुणांनी पुढे यावे. नोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूचा नमुना पुरतो. दान करण्याची वेळ आली तरी बहुधा ते रक्तातूनच केले जाते आणि दात्याच्या शरीरात त्या पेशी पुन्हा तयार होतात. दात्याला न झिजवणारे आणि घेणाऱ्याला जीवन देणारे असे दान विरळाच.

अखेरची वर्षे

सुब्बाराव यांच्या लेडर्लीतील कारकिर्दीत आणखी दोन मोठी औषधे जगाला मिळाली. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर सत्तरी ओलांडलेले, निवृत्त गृहस्थ होते. सुब्बाराव यांच्या या विभागात त्यांनी मातीतील सूक्ष्म जीवांपासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळवले. १९४८ मध्ये जाहीर झालेले हे औषध टेट्रासायक्लिन कुळातील पहिले होय. १९४७ मध्ये हेट्राझान, म्हणजे डायइथाइल कार्बामॅझिन, हे हत्तीरोगावरील औषध पुढे आले. विदर्भातील ज्या बांधवांनी हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी वाटलेल्या गोळ्या घेतल्या आहेत, त्यांनी नकळत सुब्बाराव यांचाच प्रसाद घेतला आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये हृदयविकाराने त्यांचे झोपेतच निधन झाले. फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सुब्बाराव यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. भारत स्वतंत्र झाल्याला नुकतेच वर्ष होत आले होते. ज्याने खादीसाठी पदवी गमावली त्याला स्वतंत्र मायभूमीचे दर्शन घडले नाही. अमेरिकेत इतकी वर्षे राहूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नाही.

या थोर जीवनाची एक बाजू मनाला चटका लावून जाते. बोस्टनला गेल्यानंतर ते भारतात कधीच परतले नाहीत. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. पतीच्या संशोधनाची किंमत त्यांनी आपल्या एकाकी आयुष्याने चुकवली. गृहस्थाने घर सोडताना घरच्यांची अनुज्ञा घ्यावी, असा आपल्याकडे दंडक आहे. कारण त्यागाचा भार एकट्याला पेलत नाही. आज ज्या मुलांचे प्राण वाचतात त्यांच्या पुण्यात शेषगिरीबाईंचाही वाटा आहे, असे मी मानतो.

मान हा चार कषायांपैकी एक. तो जिंकणे भल्याभल्यांना जमत नाही. सुब्बाराव प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिले आणि श्रेय सहकाऱ्यांना देत राहिले. त्यांना नोबेल मिळाले नाही. भारत सरकारने १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले. त्यांच्या नावाने एका बुरशीच्या जातीला सुब्बारोमायसेस असे नाव देण्यात आले आहे. डोळ्यांना क्वचितच दिसणाऱ्या त्या जिवाच्या नावात या निगर्वी पुरुषाची स्मृती जपलेली आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने

आता मॅट्रिकच्या त्या दोन अपयशांकडे वळतो. आपल्या समाजातील बहुतेक ट्रस्ट गुणवंत विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात. अर्जात टक्केवारीचा रकाना असतो आणि ठरावीक टक्क्यांखालील अर्ज बाजूला पडतो. निधी मर्यादित असतो, काहीतरी कसोटी लावावीच लागते, हे मला मान्य आहे. परंतु सुब्बाराव यांचा अर्ज आपल्यासमोर आला असता, तर तो कोणत्या गठ्ठ्यात गेला असता? दोनदा नापास झालेला, पूर्ण पदवी न मिळालेला, विवाहित, वय वाढलेला, वरिष्ठांची मर्जी गमावलेला तरुण! काकीनाड्याच्या विश्वस्तांनी नियमावर बोट ठेवले असते तर त्यांना दोष देता आला नसता. त्यांनी माणसाची पारख केली.

व्यापारात आपण हेच करतो. ठाणावरचा शिक्का पाहून माल घेणारा गुमास्ता असतो. कापड बोटांत धरून, सूत उसवून पाहणारा खरा पारखी. आपल्या विश्वस्तांनी येत्या वर्षांत शिष्यवृत्तीच्या काही जागा अशा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात, ज्यांचे गुण कमी आहेत, पण ध्यास मोठा आहे. अशा दहांपैकी नऊ जण कदाचित सामान्यच निघतील. दहावा एखाद्या असाध्य रोगावर इलाज शोधील, आणि तो इलाज आपल्याच एखाद्या नातवंडाच्या उपयोगी पडेल. दान देताना त्या फळाची आशा मात्र धरू नये.

ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्यास मनःपूर्वक शुभेच्छा देऊन आणि सर्व ज्ञात-अज्ञात औषधदात्यांच्या सुकृताची अनुमोदना करून लेखणीला विराम देतो.

जय जिनेंद्र!